कबुतरं, किटली आणि क्रेमवॅक्स: प्रोग्रॅमरांच्या थट्टेची पार्श्वभूमी

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून अर्धा महाराष्ट्र वामकुक्षीच्या तयारीत होता. सव्वाबाराच्या सुमारास तिकडे अमेरिकेत, उत्तर व्हर्जिनियात, ॲमेझॉनच्या क्लाउडमधली डायनॅमोडीबी ही डेटाबेस-सेवा गायब झाली. डेटाबेस जागेवरच होता, त्याचा पत्ता सांगणारी डीएनएसमधली, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतली, नोंद तेवढी कोरी झाली होती. नोंदी ताज्या ठेवणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या आणि त्या गडबडीत पत्ताच पुसला गेला. स्नॅपचॅट, सिग्नल, ड्युओलिंगो एकेक करत आडवे झाले. इंटरनेटला जोडलेल्या महागड्या गाद्याही सुटल्या नाहीत. अमेरिकेत रात्र होती. कुणाचा पलंग तापलेला, कुणाचा डोक्याकडून उचललेला, तसाच अडकून बसला.

ऐन दिवाळीत ज्यांची ऑन-कॉल ड्यूटी लागली होती त्यांनी चकलीचे हात पुसून लॅपटॉप उघडले. दुरुस्ती दूरच, आधी विनोद सुरू झाले. त्यातला एक कित्येक वर्षं जुना, हायकूच्या तीन ओळींचा: डीएनएस नाहीये. डीएनएस असणं शक्यच नाही. डीएनएसच होतं.

यात हसण्यासारखं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण यंत्रणा कोलमडल्यावर तपासाला बसलेला जवळपास प्रत्येक जण याच तीन पायऱ्या उतरतो, आणि नंतर वरिष्ठांना जो दहा पानी अहवाल जातो त्याचा ऐवज एवढाच असतो. प्रोग्रॅमरांच्या थट्टेची ही जुनी खोड आहे. ती कागदपत्राचा वेश घेऊन येते. कधी अहवाल, कधी मॅन्युअल, कधी तांत्रिक मानक, कधी सरकारी निवेदन. चेहरा गंभीर आणि मजकूर फाजील. वेश इतका बेमालूम वठतो की थट्टा पुन्हा पुन्हा खरी धरली जाते, आणि अधूनमधून खरी होऊनही बसते.

याची एक जुनी नोंद पतंगाची. सप्टेंबर १९४७मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू संगणकातल्या एका रिलेत, म्हणजे विजेच्या स्विचमध्ये, पतंग (दिव्याभोवती फिरतो तो किडा) सापडला. ऑपरेटरांनी तो चिकटपट्टीने लॉगबुकात डकवला आणि खाली लिहिलं, ‘बग (म्हणजे किडा) प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना’. हा प्रसंग आजही त्या शब्दाचा जन्म म्हणून सांगितला जातो. वास्तविक थॉमस एडिसन १८७८मध्येच यंत्रातल्या खोडीला बग म्हणत होता. ऑपरेटरांना ते ठाऊक होतं, म्हणून तर ‘प्रत्यक्ष’ म्हणण्यात मजा. रोजच्या वहीत रोजच्याच कोरड्या भाषेत केलेली कोटी इतिहास म्हणून शिकवली जातेय. ते पान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पतंगासकट.

पण ताज्या घडामोडीवर छापील टोला हाणायची पद्धत रुजली ती पुढे, एका पत्रावरून. मार्च १९६८मध्ये डच संगणकतज्ज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी एसीएम या संघटनेच्या मासिकाला लिहिलं की ‘गो टू’ हा आदेश प्रोग्रॅमची वीण उसवतो, तो भाषांमधून हद्दपार करावा. पत्राचा भडक मथळा त्यांचा नव्हता. तो संपादक निकलाउस विर्थ यांनी दिला. त्यावरून जी जुंपली ती काही वर्षं थांबेना. गो टू वापरणारा म्हणजे अडाणी, अशी एक सोवळी फळी तयार झाली.

डिसेंबर १९७३मध्ये ‘डेटामेशन’ मासिकात आर. लॉरेन्स क्लार्क यांनी या वादाला उत्तर दिलं. गो टू नको ना? ठीक. त्याऐवजी ‘कम फ्रॉम’ घ्या. गो टू म्हणतो, इथून उठ आणि अमुक ओळीवर जा. कम फ्रॉम उलट्या बाजूने काम करतो: अमुक ओळीवर जो कोणी पोचेल त्याला उचलून माझ्याकडे आणा. म्हणजे त्या ओळीवर उभ्या असलेल्या बिचाऱ्याला पत्ताच नाही की आपली उचलबांगडी होणार आहे. ते शोधायचं तर अख्खा प्रोग्रॅम वाचा. लेखाची मांडणी मात्र एखाद्या शोधनिबंधाची. आदेशाचे प्रकार, नियम, नमुन्याचे प्रोग्रॅम, सगळं पद्धतशीर. माझ्या मते या साऱ्या परंपरेतला हा सर्वांत नेमका तुकडा आहे, कारण तो कोणाचीच बाजू घेत नाही. गो टूवाल्यांना वाटलं आपली बाजू घेतली, सोवळ्यांना वाटलं आपली टर उडवली, आणि दोघांचंही बरोबर होतं.

त्याच्या वर्षभर आधी प्रिन्स्टनमध्ये डॉन वूड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी इंटरकॅल नावाची भाषाच रचली होती. तेव्हाच्या कुठल्याही भाषेशी साम्य असता कामा नये, एवढा एकच उद्देश. तिच्यात काही आदेशांआधी ‘प्लीज’ लिहावं लागतं. पुरेसे प्लीज नसतील तर प्रोग्रॅमर उद्धट आहे म्हणून कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा, काम नाकारतो. फार झाले तर लाळघोटेपणा म्हणून पुन्हा नाकारतो. किती म्हणजे पुरेसे, हे मूळ मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच नव्हतं. मंत्रालयात फाइल घेऊन गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. १९९०मध्ये एरिक रेमंड यांनी इंटरकॅलची नवी आवृत्ती लिहिली आणि तिच्यात कम फ्रॉमही आला. सतरा वर्षांपूर्वी चेष्टेत सुचवलेला आदेश संगणकावर खरोखर चालू लागला.

प्रोग्रॅममधल्या नावांत आणि कॉमेंटमध्येही, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपांमध्येही, हाच सूर सापडतो. अपोलो ११च्या चांद्रयानाच्या संगणकात इंजिन पेटवण्याच्या भागाला ‘बर्न बेबी बर्न’ असं नाव होतं. लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ निवेदकाची ती आरोळी १९६५च्या वॉट्स दंगलीत रस्त्यावर आली होती. युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७५च्या सहाव्या आवृत्तीत एका अवघड जागी लिहिलं होतं, ‘तुम्हाला हे समजणं अपेक्षित नाही’. सदाशिव पेठेतल्या फाटकावरच्या पाटीसारखं हे वाक्य जगभरच्या विद्यार्थ्यांनी उद्धट म्हणून पाठ केलं. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला की त्याचा भाव ‘हे परीक्षेला नाही’ असा होता. शिवाय हेही कबूल केलं की तिथे नेमकं काय चाललंय ते लिहिणाऱ्यांनाही पुरतं कळलं नव्हतं.

थट्टा खरी धरली जाण्याचा प्रश्न रीतसर चर्चेला आला सप्टेंबर १९८२मध्ये, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात. तिथल्या संगणकावरच्या सूचनाफलकावर भौतिकशास्त्राचं कोडं चाललं होतं. लिफ्टचा दोर तुटला, आत जळती मेणबत्ती आणि पाऱ्याचा थेंब आहे, तर काय होईल? एकाने चर्चेचा धागा पकडून सुरक्षा विभागाच्या थाटात सूचना टाकली की प्रयोगामुळे सर्वांत डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, थोडी आगही लागली होती, शुक्रवारी सकाळी आठपर्यंत सफाई होईल. ज्यांनी आधीची चर्चा वाचली नव्हती त्यांनी ती खरी मानली.

मग प्रस्ताव आले. विनोदापुढे चांदणीची खूण करा, टक्क्याचं चिन्ह घाला. १९ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी तिथलेच संगणकतज्ज्ञ स्कॉट फाहलमन यांनी सुचवलं की विनोदाला :-) अशी खूण करू या, मान तिरकी करून वाचा. पुढचं वाक्य फारसं कोणी सांगत नाही. फाहलमन म्हणाले, सध्याचा रागरंग बघता जे विनोद नाहीत त्यांनाच खूण करणं स्वस्त पडेल, त्यासाठी :-( वापरा. म्हणजे आज मोबाइलवर दुःखाचं म्हणून जे तोंड आपण पाठवतो ते सुरुवातीला फक्त ‘हे गांभीर्याने घ्या’ असं सांगायला होतं. हा मूळ संदेश हरवला होता. २००२मध्ये जुन्या बॅकअप टेप धुंडाळून तो परत मिळवला.

खूण सापडली म्हणून लोक ती वापरतीलच असं नाही. १ एप्रिल १९८४ला युजनेटवर, म्हणजे संगणकांमधून चालणाऱ्या चर्चांच्या जाळ्यावर, सोव्हिएत संघाचे सर्वोच्च नेते कॉन्स्टँटिन चेर्नेन्को यांच्या नावाने निवेदन झळकलं. सोव्हिएत संघ आजपासून युजनेटमध्ये सामील होत आहे, सर्वांना नमस्कार, मुक्त चर्चेची आशा, या निमित्ताने व्होडकाचा एक घोट. पाठवणाऱ्या संगणकाचं नाव क्रेमवॅक्स, म्हणजे क्रेमलिनमधला वॅक्स (तेव्हाचा एक लोकप्रिय संगणक). जोडीला केजीबीवॅक्सही होता. चेर्नेन्को दीडएक महिन्यापूर्वीच सत्तेवर आले होते, शीतयुद्ध ऐन भरात होतं, आणि युजनेट म्हणजे मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या विद्यापीठांचा मामला. काहींनी स्वागताची पत्रं लिहिली, काहींची हेरगिरीच्या शंकेने झोप उडाली. उद्योग होता ॲमस्टरडॅमच्या पीट बेर्टेमा यांचा, आणि तारीख डोळ्यांसमोर असूनही अनेकांनी ती वाचली नव्हती.

सहा वर्षांनी, १९९०मध्ये, मॉस्कोच्या डेमॉस या संस्थेतले प्रोग्रॅमर खरोखर या जाळ्यात आले. पलीकडच्यांना आधी विश्वासच बसेना. सगळे म्हणाले, हा पुन्हा तोच प्रकार. डेमॉसच्या वादिम अँतोनोव्ह यांना क्रेमवॅक्सचा किस्सा माहीत होता. त्यांनी आपल्याकडच्या एका यंत्राला मुद्दाम तेच नाव दिलं. ऑगस्ट १९९१मध्ये मॉस्कोत लष्करी बंडाचा प्रयत्न झाला, वृत्तपत्रं आणि दूरचित्रवाणीचं तोंड बंद झालं, तेव्हा याच जाळ्यातून शहरातल्या बातम्या बाहेर जात राहिल्या. बेर्टेमांच्या वात्रटपणाची मजल कुठवर गेली ते बघा.

आता कबुतरं. इंटरनेट कसं चालावं याचे नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांमध्ये लिहिलेले असतात. त्यांची भाषा रुक्ष, मांडणी ठरलेली. १९७८मध्ये त्यात पहिली एप्रिलची थट्टा शिरली, टेलनेट (दूरच्या संगणकावर काम करण्याची जुनी सोय) सर्व्हरने अधूनमधून मनाला येईल तसं गडबडावं यासाठी एक अधिकृत पर्याय सुचवणारी. खरा गाजला तो १ एप्रिल १९९०चा आरएफसी ११४९. डेव्हिड वेट्झमन यांनी त्यात टपाल-कबुतरांमार्फत इंटरनेटची पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवण्याचं मानक मांडलं. मजकूर कागदाच्या बारीक गुंडाळीवर छापावा आणि कबुतराच्या पायाला चिकटपट्टीने बांधावा.

एप्रिल २००१मध्ये नॉर्वेच्या बर्गन शहरातल्या लिनक्सप्रेमींनी हे करून बघितलं. नऊ पाकिटं सोडली, चारांची उत्तरं आली. पंचावन्न टक्के गळती. लवकरात लवकर आलेल्या उत्तराला सुमारे ५३ मिनिटं. सप्टेंबर २००९मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीने संथ ब्रॉडबँडला वैतागून विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला चार जीबीचं कार्ड बांधलं आणि त्याला डर्बनला पाठवलं. कार्डातली माहिती उतरवण्यासकट दोन तास सात मिनिटांत काम फत्ते. तेवढ्या वेळात तारेवरून चार टक्के माहिती गेली होती. आपल्याकडे ओडिशा पोलिसांच्या ताफ्यात १९४६पासून कबुतरं होती आणि पुरात तुटलेल्या ठाण्यांचे निरोप ती आणत. तिथल्या हवालदाराला आरएफसी ११४९ वाचून दाखवला असता तर यात हसायचं कुठे, असंच त्याने विचारलं असतं.

किटलीची गोष्ट याहून चिवट. नव्वदच्या दशकात जो तो आपलं काहीतरी एचटीटीपीवर, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या नियमांवर, लादत होता. १ एप्रिल १९९८ला लॅरी मॅसिंटर यांनी त्याची खोड काढली. आरएफसी २३२४ हा कॉफीपात्रावर नियंत्रण ठेवण्याचा प्रोटोकॉल. त्यात नियम असा की कॉफी करायला सांगितल्यावर समोर चहाची किटली निघाली तर तिने ४१८ क्रमांकाची त्रुटी कळवावी: मी किटली आहे. चहाची सोय मात्र या प्रोटोकॉलमध्ये नव्हती. ती उणीव २०१४मध्ये दुसऱ्या आरएफसीने भरून काढली. सोळा वर्षं! चहावाल्यांचा संयम दांडगा म्हणायचा.

दरम्यान नोड, गो अशा प्रोग्रॅमरांच्या गंभीर कामाच्या साधनांमध्येही ४१८ शिरला. २०१७मध्ये एचटीटीपी कार्यगटाचे अध्यक्ष मार्क नॉटिंगहॅम यांनी रीतसर विनंती केली की हा क्रमांक मानकात नाही, उद्या खऱ्या कामाला लागेल, काढून टाका. लगेच ‘४१८ वाचवा’ मोहीम उभी राहिली, आणि तिच्यामागे एक शाळकरी वयाचा मुलगा होता. साधनं चालवणाऱ्यांनी माघार घेतली. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्याच्या वेळी रशियाच्या संरक्षण मंत्रालयाचं संकेतस्थळ देशाबाहेरच्या लोकांना ४१८ दाखवून परत पाठवत होतं. त्याच वर्षी एचटीटीपीचं नवं मानक आलं. त्यात हा क्रमांक ‘अवापरित’ म्हणून राखून ठेवलाय, कारण दिलंय असं की थट्टा म्हणून तो इतक्या ठिकाणी बसवला गेलाय की आता कशासाठीच वापरता यायचा नाही.

आपल्याकडचा विनोद मात्र मानकांच्या वाटेला फारसा गेला नाही. मानकं तिकडे लिहिली जात, इकडे त्यांची टिकेटं, म्हणजे निस्तरायच्या तक्रारी, येत. इथल्या पोरांनी नक्कल केली ती टाइमशीटची आणि एचआरच्या ईमेलची. १९८१मध्ये पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३मध्ये तरुणांना आठवड्याला सत्तर तास कामाचा सल्ला दिला. जानेवारी २०२५मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष नव्वदवर गेले, वर ‘घरी बायकोकडे किती वेळ बघत बसणार’ असंही बोलले. दोन्ही वेळी टिंगलीचा पाऊस पडला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधले तास धरले तर आमचे सत्तर केव्हाच भरलेत, जादाचे पुढच्या तिमाहीत वळते करा, ही त्यातली नमुनेदार जात. सभेत जे तोंडावर बोलता येत नाही ते फॉर्मच्या रकान्यात भरून टाकायचं. तिकडच्या कॉफीपात्रापेक्षा याला धार जास्त आहे, असं मला वाटतं. तिथे पणाला होता एक क्रमांक, इथे स्वतःचं आयुष्य.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, आणि त्यांचे फोटो ‘नवी सुरक्षित यंत्रणा’ म्हणून फिरले. शुक्रवारी प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरत असलेल्या चालू यंत्रणेला, हात लावू नये, हा नियम नव्याने आठवला. बेल्जियममधल्या एका व्यंगकाराने स्वतःचा बनावट फोटो टाकला: क्राउडस्ट्राइकमध्ये आज पहिला दिवस, छोटंसं अपडेट पाठवलं, अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतोय. पुष्कळांना तो खराच कर्मचारी वाटला. याहून कमाल झाली साउथवेस्ट या विमान कंपनीची. तिची उड्डाणं फारशी अडली नाहीत, म्हणून कुणी तरी एका ओळीत कोटी केली की ते अजून १९९२चं विंडोज ३.१ वापरतात. दोन-तीन दिवसांत ती ओळ बऱ्यापैकी नाव असलेल्या ठिकाणी बातमी म्हणून छापून आली.

इथवर थट्टा खरी मानणारी माणसं होती. मे २०२४मध्ये गूगलने अमेरिकेत शोधाच्या वरच एआयचा सारांश दाखवायला सुरुवात केली, तेव्हा यंत्रांची पाळी आली. पिझ्झ्यावरचं चीज घसरतंय, काय करू, या प्रश्नाला त्याने सुचवलं की सॉसमध्ये बिनविषारी गोंद मिसळा. डिंकाचे लाडू खाणाऱ्यांनाही हे पचायचं नाही. शोध घेता घेता लोक रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या अकरा वर्षांपूर्वीच्या एका वात्रट शेऱ्यापाशी पोचले. रेडिटचा मजकूर वापरण्यासाठी गूगलने वर्षाला सहा कोटी डॉलरचा करार केल्याची बातमी फेब्रुवारीतच येऊन गेली होती. एका शेऱ्याची किंमत किती पडली, याची गणितं प्रोग्रॅमरांनी लगेच मांडली. रोज किमान एक छोटा दगड खावा, हा दुसरा सल्ला एका व्यंगपत्रातून आला होता. भूगर्भाशी संबंधित सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने तो लेख गंमत म्हणून आपल्या संकेतस्थळावर घेतला होता, त्यामुळे यंत्राला तो तज्ज्ञांचा वाटला. गूगलने महिनाअखेरीस खुलासा करून व्यंग आणि उपरोधाचा मजकूर या सारांशातून कमी करत असल्याचं सांगितलं.

तोवर बिझनेस इन्सायडरच्या एका पत्रकार बाईंनी तो गोंदाचा पिझ्झा खरोखर करून, खाऊन, त्यावर लेख लिहिला होता. जूनमध्ये कुणीतरी गूगलला विचारलं, पिझ्झ्यात गोंद किती घालावा? उत्तर आलं, अष्टमांश कप. आणि खाली आधार म्हणून दुवा होता त्या बाईंच्याच लेखाचा.